दोन-चार

लाडखेडच्या मंगळवारी बाजारात
गोटफोड्यांच्या सुनेच्या मनगटात काच घुसली.
पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.
रक्त थोडंसंच होतं,
पण बाबांनी दुपारी एकलाच गाठोडं बांधलं
आणि घर येईपर्यंत त्यांचा उजवा हात
रिकाम्या हवेत बांगड्या भरत राहिला.

अंगठा तर्जनीवर घासत, थांबत नव्हता.
यवतमाळचे डॉक्टर म्हणाले,
गोळी वळल्यासारखं दिसतं ना,
आमच्यातही ह्याला तसंच म्हणतात.
मग त्यांनी खरी गोळी लिहून दिली.
पांढरी, मधे रेघ, तुरीच्या डाळीएवढी.

हात थांबला.
दोर सोडल्यावर रहाट थांबतो तसा, हळूहळू,
पंधरा दिवसांत.
बाबा हाताकडे बघत बसायचे,
पाहुणा खरंच गेला का, अशा नजरेनं.

पण तोंड वाळलं.
जीभ टाळूला चिकटायची, लाखेसारखी,
आणि बांगडी काय नुसत्या हातानं भरते?
बोलणं लागतं.
"मूठ सैल सोड वं माय,
सासूवरचा राग हातात नको धरू."
एवढं म्हणेस्तोवर बाई हसते,
हाड मऊ होतं, काच पुढे सरकते.
आता नुसतीच काच.
बाया दात आवळून बसायच्या.

पाणी प्यावं तर लघवी अडते.
रात्री गोठ्यामागे उभे राहायचे
कोतवालाचं कुत्रं भुंकून थकेपर्यंत.
मोरपंखी आणि गर्द हिरव्यातला फरक पुसट झाला,
मी एका डब्याला दोरा बांधून दिला.

मेडिकलवाला गजू ढोक म्हणाला,
ताई, पूर्वी कंपावर
धोतऱ्याच्या कुळातल्या झाडांचा अर्क देत,
ही गोळी त्याच वळणाची.
आमच्या महादेवामागे आहे धोतरा,
पांढरी फुलं, काटेरी बोंडं.
लहानपणी बाबाच ओरडायचे,
हात नको लावू, पिसं लागते.

पिसं दिवेलागणीला आलं.
ओसरीच्या पायरीवर बाया बसल्या म्हणाले, रांगेनं.
कोण बाया?
"काहून, तुले नाही दिसत?
गिरजी तेलीण, चंद्रभागा, पारबतीची थोरली."
तिघीही गेलेल्या.
थोरली तर ज्वारी कापताना, साप चावून.
सगळ्यांची मनगटं बोडकी, हात पुढे.
बाबांना भीती नव्हती वाटत.
घाई झाली होती,
एवढं गिऱ्हाईक, आणि डबे आतल्या खोलीत.

डॉक्टरांनी फोनवरच अर्धी केली.
सत्तरीनंतर डोक्यात चढते म्हणाले,
एकदम मात्र बंद करू नका.
मी अडकित्त्यानं कापते,
कधी नीट अर्धी होते,
कधी नुसता चुरा, तो मधात.
कंप परत आला, तोही अर्धा.
थुंकी परत आली.
बाजारात आता बांगड्या मी भरते, ते बोलतात.
माझ्या हातून फुटतात बऱ्याच.
बाया तरी येतात, बोलणं ऐकायला येत असतील,
किंवा लाडखेडात दुसरा कासार नाही म्हणून.

काल पुन्हा पायरीकडे बघत होते.
मी जाऊन बसले रांगेत, शेवटी.
हात पुढे केला.
त्यांनी अंगठ्याचं बूड दाबून पाहिलं,
सांधे चाचपले.
"दोन-चार," म्हणाले. "काईच नाही बदलली तू."

माझा हात दोन-आठचा आहे.
दोन-चार आई घालायची.

मी मूठ सैल सोडली.
थरथरत्या बोटांनी त्यांनी काहीतरी चढवलं,
एक, मग आणखी एक,
मग मधेच थांबून विचारलं,
दुखलं काय वं?